कॅनडाला पाठवलेला कलावा

भोपाळमध्ये कोलार रोडच्या बसमध्ये पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

"प्रमिलाताई, निखिलला कलावा पोचला?"

"पोचला. पूजेत मनगटाला बांधायच्या लाल दोऱ्याचं अख्खं बंडल मागितलं, तेव्हा मला वाटलं, पोरगा देवाधर्माला लागला. देवीच्या पायाशी ठेवून पाठवलं मी."

"छानच की!"

"कसलं छान! काल व्हिडिओ कॉलवर बघते तर बाणांच्या शेपटीला बांधलाय."

"बाणांच्या?"

"हरणं मारतो म्हणे, सुचेता! बाण बर्फात घुसला की हरवतो. लाल दोरा वर दिसतो."

"अगंबाई! अंड्याचा केकसुद्धा खायचा नाही तो!"

"तेच तर!"

"मग सांगा ना, आता पाठवणार नाही म्हणून."

"सांगितलं. तर म्हणाला, आई, लाल नकोच, पिवळा पाठव. रक्तात लाल दिसत नाही."