जे लागत नाही ते बंद

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. काकू, तुम्ही खुर्चीला नीट टेकून बसा. मी थोडक्यात आवरते.

बोलणं अवघड जातंय. एक तर देवधरकाका गेले, हे पटत नाही. दुसरं म्हणजे, त्यांच्याबद्दल खोटं गोड बोलायला गेले तर ते फोटोतूनही मला टोकतील.

माझी शनिवार पेठेत रक्त तपासायची लॅब आहे. काकांचं बुधवार पेठेत संगणक दुरुस्तीचं दुकान. मध्यंतरी आमच्या शेजारच्या फोटो स्टुडिओचा संगणक कुणीतरी इंटरनेटवरून शिरून कुलूपबंद केला. लोकांच्या लग्नांचे फोटो गेले ते गेलेच. मी हादरले. अहो, माझ्याकडे लोकांचे आजार असतात. कुणाला काय झालंय, हे त्याच्या बायकोआधी मला कळतं. ते चोराच्या हाती पडलं तर?

काका म्हणाले, "तुमचा संगणक लिनक्सवर चालतो, पण त्याचं कर्नेल कणखर करायला हवं."

मी विचारलं, कर्नेल म्हणजे काय?

"घरातली कर्ती बाई. कोणाला स्वयंपाकघरापर्यंत येऊ द्यायचं आणि कोणाला दारातूनच वाटेला लावायचं, हे ती ठरवते. तुमची जरा अगत्यशील आहे. पुण्यात वाढलेली नाही ना."

तसं कणखर कर्नेल एक कंपनी विकते, असं त्यांनी शोधून काढलं. फोन केला. पलीकडून विचारलं, किती मशीन? काका म्हणाले, एक. मग कळलं, ते फक्त मोठ्या गिऱ्हाइकांना देतात. काका म्हणाले, "म्हणजे लहान माणसाकडे चोर येत नाहीत, असं चोरांशी ठरलंय का तुमचं?"

पण सोडतील ते काका कसले? त्यांनी पेठांमधले दुकानदार गोळा केले. सगळ्यांची मशीनं मिळून एक मोठं गिऱ्हाईक दाखवायचं. तुमच्यातले बरेच जण त्यात होते. कोणाचं नाव आधी लिहायचं, यावर आपण किती भांडलो, आठवतंय ना? तरी जमलं. कंपनी तयार झाली. त्यांच्या साहेबांनी काकांना फोन केला.

दुपारी अडीच वाजता.

काकांनी फोन उचलला, "चारनंतर करा" म्हणाले आणि ठेवला. साहेबांचा फोन पुन्हा कधीच आला नाही. काकांना त्याचं वाईट वाटलं का? छे. "ज्याला दुपारी झोपायचं कळत नाही, त्याच्या हाती सुरक्षा कशी द्यायची?"

मग त्यांनी स्वतःच ते काम शिकून घेतलं. कर्नेलचा मजकूर सगळ्यांना खुला असतो, तो आणायचा आणि हवा तसा बांधायचा. नियम एकच. जे लागत नाही ते बंद. पहिल्या दिवशी प्रिंटर बंद पडला, कीबोर्डही बंद. मी म्हटलं, काका, मलाच आत जाता येत नाहीये. ते खूश झाले. म्हणाले, "बघा, किती पक्कं झालंय."

पुढे सुधारलं ते. पण दर वेळी कर्नेलची नवी दुरुस्ती आली की मला लॅबवर बोलवायचे, दुपारीच. लॅब तेव्हा बंद असते ना. माझी झोप गेली, त्यांची गेली. स्वतः कशालाही हात लावायचे नाहीत. हात मागे बांधून उभे राहायचे आणि मला करायला लावायचे. मी चिडायचे. तुम्हीच करा ना, म्हणायचे. ते म्हणत, "आणि मी नसलो तर? जुनं कर्नेल ठेवलंय ना बाजूला? मग घाबरता कशाला? नवं उठलं नाही तर जुन्यावर परत या."

परवा दुपारी दुरुस्ती आली. तातडीची. मी एकटी बसले. जुनं बाजूला ठेवलं, नवं बांधलं, मशीन बंद करून चालू केलं. उठलं. प्रिंटरसकट उठलं. आणि मी सवयीनं काकांना फोन लावला. कोण उरलंय तिकडे, हे लक्षातच आलं नाही.

काकूंनी उचलला. माझं नावही ऐकून घेतलं नाही. म्हणाल्या, "चारनंतर करा."

मग आम्ही दोघीही फोन धरून रडलो, आणि हसलोही. हो ना काकू?

काका, मशीन उठलं. तेवढंच सांगायचं होतं.

आता उभं राहू या. दोन मिनिटं. मोबाइल, कुजबूज, घड्याळाकडे बघणं, जे लागत नाही ते बंद.