गाडी जागेवर, इंजिन चालू

(सरकारी इंधन-अंदाज विभागातली छोटी खोली. टेबलाच्या एका बाजूला लेक, समोर तिचे बाबा.)

लेक : पुन्हा विचारते, बाबा. रोज संध्याकाळी गाडी घेऊन कुठे जाता?

बाबा : सांगितलं ना, भाजी आणायला.

लेक : भाजीवाला तुमच्या दारासमोरच बसतो.

बाबा : त्याचे टोमॅटो पिलपिलीत असतात.

लेक : हे बघा, देशाला पुढची तीस वर्षं किती पेट्रोल लागेल, ते आम्ही साध्या माणसांच्या गाड्यांवरून काढतोय. त्यातल्या एका गाडीवाल्याने ऐनवेळी अंग काढून घेतलं, म्हणून मी तुमच्या गाडीला पेट्रोलची नोंद ठेवणारं यंत्र बसवलं. तुमची एक गाडी आम्ही दहा हजार गाड्यांच्या जागी धरलीय.

बाबा : अरे वा! एवढा मान?

लेक : मान कसला, माझं हसं व्हायची वेळ आलीय. रोज तासभर गाडी जागेवर आणि इंजिन चालू. या हिशेबाने देशाला एक जादा रिफायनरी लागतेय. दुपारी साहेबांपुढे आकडा ठेवायचाय.

बाबा : मग बांधा की. चार लोकांना कामं मिळतील.

लेक : यंत्राला जागाही कळते, बाबा.

बाबा : हे बसवताना बोलली नाहीस.

लेक : माझ्याच घराखाली उभे असता तुम्ही.

बाबा : तिथे सावली चांगली असते.

लेक : अंधार पडल्यावर?

बाबा : जावयाला गाडी मागे घेता येत नाही, असं पाहुण्यांदेखत बोलून बसलो. आता कुठल्या तोंडाने वर येऊ?

लेक : आणि आम्हाला वाटत होतं, तुम्हीच रुसलात. पण इंजिन कशाला चालू ठेवायचं?

बाबा : तुमच्यापैकी कुणी खाली आलंच, तर ‘हा काय, निघालोच होतो’ म्हणता येतं.

लेक : म्हणजे दहा हजार बाप रोज लेकीच्या घराखाली गाडी चालू ठेवून बसतात, आणि आणखी तीस वर्षं बसणार, असं देश धरून चाललाय.

बाबा : मग माझी गाडी वगळ ना त्यातून.

लेक : कारण द्यावं लागतं. काय देऊ?

बाबा : म्हातारा चक्रम आहे म्हण.

लेक : सवय आजपासून सुटली, असं सांगते. तेवढं खरं करा. जेवायलाच या. आणि ऐका, त्याला गाडी मागे घेता येते आता. तिसऱ्या खेपेला बसते नीट.

बाबा : तिसऱ्या?

लेक : बाबा.

बाबा : काही बोललो का मी? येतो. किल्ली खिशात घालून वर येतो.