कॅमेऱ्यात आलेला हात

"हॅलो? … हॅलो, योगिनी? अगं, मी सुमतीमावशी… कोपरहून, आणखी कुठून. … हो, हो, माहितीये ऑफिसात आहेस. दोनच मिनिटं… नाही, मोठ्याने नाही बोलता येत मला. काका आत आहेत. … तब्येत बरी आहे गं त्यांची. इंटरव्ह्यूचं विचारायचं होतं… नाही, झाला नाही. म्हणजे सुरू झाला आणि मधेच बंद पडला."

सुमतीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं आणि वर नळही सोडून ठेवला होता. एरवी नळ असा वाहताना दिसला असता तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. पण आज पलीकडच्या खोलीतल्या नवऱ्याला फोन ऐकू जायला नको होता, आणि दोन खोल्यांच्या घरात आडोसा मिळणार तरी कसला.

"नेट नव्हतं गेलं. … लाईटही होती. … अगं ऐक ना, ती बाई बोलत होती, छान चाललेलं… ती म्हणजे तीच, तुमच्या कंपनीची, कॉम्प्युटरमधली. … बाई नाही ते कळतंय मला, पण तोंड बाईचं दिलंय ना तुम्ही तिला. … हं. तर ती विचारत होती, हे सांगत होते, आणि एकदम थँक्यू म्हणाली आणि स्क्रीन काळी. … नाही, कारण नाही सांगितलं. … मेल आलाय, त्यात पण नुसतं 'मुलाखत समाप्त'. म्हणून तर तुला फोन केला."

योगिनी ही तिच्या बहिणीची मुलगी. ठाण्याला एका मोठ्या कंपनीत नोकरभरतीच्या खात्यात होती, आणि भिवंडीच्या गोडाऊनवर सुपरवायझरची जागा निघालीय हे तिनेच कळवलं होतं. उत्तम इतकी वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात विम्याचे क्लेम तपासायचा. मग ते कागद वाचायला एआय आलं आणि गणपतीनंतर उत्तम घरी बसला. तेव्हापासून त्याने जिथे तिथे अर्ज टाकले आणि कुठूनही साधं उत्तर आलं नाही. ही पहिलीच मुलाखत, आणि तीही एआयच घेणार होतं. ज्याने नोकरी घालवली त्याच्याच पुढे नोकरीसाठी शर्ट इस्त्री करून बसायचं, या प्रकाराला काय म्हणावं ते सुमतीला कळलं नव्हतं. पण गरज होती, त्यामुळे तो बसला होता.

"अगं, ते स्वतःलाच दोष देत बसलेत. म्हणतात, 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर मी गावापासून, फलटणपासून सुरुवात केली, तिथेच माती खाल्ली. … हसू नकोस गं. मघापासून कपाटाच्या आरशासमोर उभे राहून तेच तेच बोलतायत. जेवायला पण आले नाहीत. … म्हणून म्हटलं, तू बघ ना नक्की काय झालं ते. … रेकॉर्डिंग? म्हणजे सगळं शूट होतं? … मग लाव ना. लाव तू, मी थांबते."

ती फोन कानाला लावून थांबली. भिंतीपलीकडून उत्तमचा आवाज येत होता. "माय सेल्फ उत्तम शेलार," तो म्हणायचा, मग घसा खाकरायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी तो 'शेलार'नंतर अडकत होता. ज्या माणसाच्या बोलण्यावर तिच्या माहेरच्या सगळ्या बायका भाळल्या होत्या, त्याला आज स्वतःच्या आडनावापुढे जाता येत नव्हतं. सुमतीला ते ऐकवेना.

"हां, बोल. दिसलं? … काय लिहिलंय? … दुसरी व्यक्ती? कोण दुसरी व्यक्ती? घरात आम्ही दोघंच. … नाही गं, शेजारचं कोणी आलेलं नाही, दार लावलेलं होतं. … हात? … कसला हात? … बांगड्या घातलेला."

नळाखालचं पातेलं भरून पाणी वाहायला लागलं होतं. तिने ते बंद केलं नाही.

"योगिनी… तो माझा हात आहे."

आणि ती घाईघाईने बोलत सुटली.

"अगं, दही-साखर द्यायची राहिलेली. विरजण मुद्दाम लावलेलं मी. … आधी कशी देणार? कोणी कामाला निघालं की दारात देतो ना आपण, चपला घालायच्या आधी. हे निघालेच नाहीत कुठे. बॅग नाही, चपला नाहीत, सरळ आतल्या खोलीत गेले आणि दार लावून बसले. वाटी राहिली ओट्यावर तशीच. … मग आठवलं मला. म्हटलं, इतक्या महिन्यांनी चांगलं काम निघालंय आणि तोंड गोड न करता बसले. … तू तरी नको बोलूस, तुझ्या बारावीच्या पहिल्या पेपराला तुझ्या हातावर मीच घातलीये."

"… नाही, एकदम समोर नाही गेले. तेवढी अक्कल आहे. कॅमेरा वर असतो ना, म्हणून खालून गेले, पार रांगत. टेबलाच्या कडेने नुसता हात वर केला. त्यांनी न बघता तळहात पुढे केला, बोलायचे सुद्धा थांबले नाहीत. … हो, चाटलं ना मग. … तोंडावर हात नेला ते पण धरलंय? … अगं इशारा कसला, दही होतं ते."

ती आता ओट्याला टेकून खाली फरशीवरच बसली होती. आपला उजवा हात तिने मांडीवर पालथा घातला होता आणि त्याच्याकडे ती बघत होती. तोडून टाकावासा वाटला तिला तो. कुणा शत्रूने केलं असतं तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

"मग तिथे कोणी माणूस नाहीये का? … तू बघितलंस ना आत्ता स्वतःच्या डोळ्यांनी? मग सांग ना त्यांना, माझी मावशी आहे, साधी बाई आहे, तिला काय कळतंय भिवंडीच्या गोडाऊनमधलं. … म्हणजे तू नुसतं बघू शकतेस. … तुझे साहेब? … ते पण नुसते बघतात. … मग करतं कोण?"

"… किती? … वर्षभर बसताच नाही येणार? … तुमच्याकडेच ना? … आणखी कुठे कुठे हीच वापरतात? … थांब, नावं नको घेऊस. सगळीकडेच म्हण ना सरळ. … अगं पण आता त्यांचं वय बघ. पुढच्या वर्षी कोण उभं करणार आहे त्यांना? … मी रडत नाहीये. तू काहीतरी सांग. काहीही सांग, करते मी. त्या मशीनच्या पाया पडायला सांग, पडते."

पलीकडून योगिनी काहीतरी सांगू लागली. सुमती उठून उभी राहिली आणि तिने पहिल्यांदा नळ बंद केला.

"काय? … परत बोल, नीट ऐकू नाही आलं. … अपील. … कुणाकडे? … परत तिच्याकडेच. बरं, असू दे. फोनवर? … काय विचारेल? … 'ही व्यक्ती तुमच्या ओळखीची आहे का'. … हो म्हटलं तर? … घरचं माणूस म्हणजे मदत, आणि मदत म्हणजे कॉपी. … आणि नाही म्हटलं तर? … बाहेरचं कोणीतरी चुकून आत शिरलं असं धरणार. आणि परत तारीख देणार. … नक्की देणार ना? … मग झालं की. नाही म्हणायचं."

"… काका खोटं बोलत नाहीत हे तू मला सांगतेस? लग्न मी केलंय त्यांच्याशी. दुसऱ्यांचं खोटं पकडण्यातच जन्म गेला त्यांचा. … पण मी सांगितलं की बोलतील. … अगं मला कसलं वाईट वाटायचं? मीच सांगतेय ना? … आजच करायचं? मग आत्ताच लाव. जोड तू तिला, मी फोन घेऊन जाते त्यांच्याकडे. … लाईनवर राहा."

ती आतल्या खोलीत गेली तेव्हा उत्तम अजून आरशासमोरच होता. इस्त्रीचा शर्ट, आणि खाली घरातला लेंगा. तिने एका दमात सांगून टाकलं, कारण थांबली असती तर सांगता आलं नसतं.

"अहो, तुमचं काही चुकलं नव्हतं. फलटणचं बोललात म्हणून नाही बंद झालं. माझा हात दिसला त्यांना. मघाचा, दह्याचा."

उत्तम चिडेल म्हणून ती तयारीने आली होती. पण त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं.

"म्हणजे मी बोलत होतो ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं. आता फोनवर विचारतील, हा हात कुणाचा, ओळखता का. नाही म्हणायचं. हो म्हणालात तर बाद करतील, वर्षभर कुठेच उभं करणार नाहीत. योगिनी सांगतेय. नाही म्हणा, बस्स. माझी शपथ आहे तुम्हाला."

त्याने फोन घेतला आणि कानाला लावला.

"हॅलो… येस. उत्तम शेलार. … मराठी. … हो, मीच. … हो, खोलीत एकटाच होतो."

मग तो थांबला. प्रश्न आला हे सुमतीला कळलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवून 'नाही' म्हटलं, मग पुन्हा हलवली. हा आता काहीतरी खरं बोलून बसणार, असं तिला वाटलं. म्हणा हो, ती मनात म्हणत होती, एकदा म्हणून टाका. उत्तमने तिच्यावरची नजर काढली आणि तो आरशाकडे वळला.

"नाही," तो म्हणाला. "ओळखत नाही."

तिकडून पुन्हा काही विचारलं असावं.

"नाही. त्यांना मी याआधी कधीच पाहिलेलं नाही."

सकाळपासून आडनावापाशी अडखळणारा माणूस हे एवढं वाक्य न अडखळता बोलला. आवाज खणखणीत, मान सरळ, घसा खाकरणं नाही. मग थँक्यू म्हणाला, थँक्यू मॅडम म्हणाला, आणि सुमतीकडे वळला तेव्हा त्याचं तोंड गणपतीनंतर पहिल्यांदा उजळलं होतं.

"मंगळवारी परत बोलावलंय," तो म्हणाला. "तू त्या दिवशी खाली मधुताईंकडे जाऊन बस. आणि जाताना बाहेरून कडी घाल."

"घालीन," सुमती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. जे मागितलं ते मिळालं होतं. फोनवर योगिनी अजून होती. सुमती तो घेऊन स्वयंपाकघरात आली.

"हॅलो… हो, मीच. … मंगळवारी. … तू पण ऐकलंस ना? … सगळं ऐकलंस. … हो, खूश आहेत. शीळ घालतायत आत. … मी पण खूशच आहे गं, मला काय झालंय. … हो, मीच सांगितलेलं तसं बोलायला. … नाही. मी फक्त 'नाही' म्हणा म्हटलेलं. … कधीच पाहिलेलं नाही, ते त्यांचं त्यांनी घातलं. … हो, त्यांनीच. … कळतंय गं मला, मशीनसाठी बोलले. … हं. … हं. … ठेवते मी आता, योगिनी. … नाही, बोलण्यासारखं काही नाही. ठेवते."