वरून सांबार

बसची वाट पाहणाऱ्या उज्ज्वलाला मागच्या बाकड्यावरून बोलणं ऐकू येत होतं. समुद्रपूरच्या बाजारात भाजी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकणारी मंदाबाई शेजारच्या रोशनीकडून इंग्रजीचं एक वाक्य शिकत होती. मंदाबाईच्या परदेशात जन्मलेल्या नातीला मराठी येत नव्हतं.

"आय मिस यू व्हेरी."

"व्हेरी मच म्हण, आजी. नुसतं व्हेरी अधुरं राह्यते."

"म्हंजे भाजी तोलून झाली का वरून सांबाराची काडी टाकतो, तसं?"

"हो, तसंच."

"व्हेरी मच. लाव फोन."

"हाय, ग्रँडमा!"

"आय... आय... जेवली का वं माय?"

"व्हॉट?"

फोन बंद झाला.

"आजी, म्हटलं काऊन नाई?"

"एक डाव तिले मांडीवर तं घेऊ दे, रोशने. अजून तागडीत काईच नाई, वरून काय टाकू?"