मशीनचं पारायण

आमचे दाजी म्हणजे प्रसादसुद्धा हुंगून खाणारा माणूस. केजला त्यांचं बियाण्याचं दुकान हाय, मी तिथंच कामाला. पिशवीवरचा बारकोड वाचायचं हातातलं मशीन घेतलं आणि ते चालू करून द्यायला अंबाजोगाईहून एक माणूस आला. त्यानं पिशवीला हातच लावला न्हाई. मशीनसोबतचं पुस्तक उघडलं आणि त्यातल्या दोन-तीन छापील बारकोडवर मशीन धरलं. पीप, पीप, झालं काम.

दाजी म्हणले, "माल इकडं हाय. तुमी त्याला पुस्तक कामून दाखवताव?"

"हे हुकमाचे कोड आहेत, काका. मशीननं कसं चालायचं ते यातूनच सांगायचं."

"मग बाकीची पानं कामून सोडली?"

"ती लागत नाहीत."

तो गेला तसं दाजी मला म्हणले, "अर्धंच सांगितलंय त्यानं. परत यायची सोय करून ठेवली बघ."

मग हातपाय धुऊन बसले. श्रावणात पोथी वाचतात तसं, एकही ओवी न गाळता, पहिल्या पानापासून सगळे कोड मशीनला दाखवले. शेवटच्या पानावरही पीप वाजलं. त्यानंतर पिशवी दाखवली तर मशीन गप्प. पेरणीचे दिवस, दारात लई गर्दी.

फोन केला, तो माणूस आला. मशीन बघून म्हणला, "शेवटच्या पानावरचा कोड कुणी मारला? त्यानं आधी सांगितलेलं सगळं पुसलं जातं."

दाजी माझ्या कानाशी वाकले.

"बघ. आला का न्हाई परत?"