बोट आधी, आवाज मागून

ताई : …तेच ना, मी घाई करते. लग्न झाल्यापासून ऐकतेय. तू वेगळं काय सांगणार?

भाऊ : मी अजून तोंडही उघडलेलं नाही. स्क्रीनकडे बघ. ह्या उभ्या रेघा म्हणजे ठोके. आणि हे तू कीबोर्डवर वाजवलेले सूर. सगळे रेघेच्या अलीकडे. झाडून सगळे.

ताई : माहितेय. हे रोज बसून एकेक सूर उचलून रेघेवर ठेवतात. मग मला दाखवतात.

भाऊ : दाजी रागावतात?

ताई : छे. नुसतं दाखवतात.

भाऊ : पण घाई करणारा माणूस कधी जास्त पुढे जातो, कधी कमी. तू दर वेळी तेवढीच पुढे, मोजून मापून. माणसाचं असं होत नाही. एक पट्टी दाब बरं. कुठलीही.

ताई : ही घे.

भाऊ : काय आधी झालं? बोट खाली गेलं की आवाज आला?

ताई : बोट. आवाज मागून आला. तो तसाच येतो.

भाऊ : कधीपासून?

ताई : नेहमीच. मला वाटायचं, कॉम्प्युटरला तेवढा वेळ लागतच असेल.

भाऊ : म्हणून तू आधीच दाबतेस. आवाज ठोक्यावर पोचावा म्हणून.

ताई : मी असं ठरवून नाही करत रे.

भाऊ : ठरवून कोण करतं? कानाला बरोबर वाटेल तसा हात चालतो. कॉम्प्युटर मात्र बोट कधी पडलं तेवढंच टिपतो, तुझ्या कानाचं त्याला काय? हे बघ, दाजींनी आवाज चकचकीत करणारा हा प्रोग्राम लावून ठेवलाय. सगळा आवाज त्याच्यातून गाळून बाहेर येतो. शिवाय बफर एवढा मोठा, म्हणजे आवाज आधी साठवायचा, मग सोडायचा. उशीर होणारच. तुझ्यात काही खोट नाही.

ताई : परत सांग.

भाऊ : बफर म्हणजे…

ताई : ते नाही. शेवटचं.

भाऊ : तुझ्यात खोट नाही, ताई.

ताई : वाद्यवृंदाच्या बाईंचा फोन आला होता मध्ये. स्टेजवर बसशील का म्हणून. मी म्हटलं, माझी लय सुटते, दुसरं कुणी बघा. मीच म्हटलं. ह्यांना काही बोलावंही लागलं नाही.

भाऊ : तो प्रोग्राम काढला. बफरही कमी केला. वाजव आता.

(ती वाजवते. तेवढ्यात तिचा नवरा खोलीत येतो.)

दाजी : अरे वा, मेहुणे आलेत. काय बिघडवलंत?

भाऊ : बिघडलेलं होतं ते काढलं, दाजी. आवाज उशिरा येत होता. ताईच्या हाताचा दोष नव्हता.

दाजी : असं का? बघू. हे आत्ताचंच ना? अलीकडेच आहेत की सगळे.

भाऊ : सवय आहे ती. इतकी वर्षं उशीर गृहीत धरून वाजवलंय तिनं. थोडे दिवस रोज बसली की हात येईल ठिकाणावर.

दाजी : म्हणजे कारण काही असो, घाई होतेच.

भाऊ : ही सवय ह्याच खोलीत लागलीय, दाजी.

दाजी : मी कुठे नाही म्हणतोय? पण जाहिरातीचं संगीत सोमवारी द्यायचंय. तोवर हिचा हात ठिकाणावर यायची वाट बघत बसू? होतं तसं करून ठेवा. सूर सरळ करायला मी आहेच. आलोच, कपडे बदलून येतो.

ताई : लाव परत.

भाऊ : ताई…

ताई : लाव. नाहीतर जेवताना कुणी कुणाशी बोलणार नाही, आणि पोरगी आमच्या तोंडाकडे बघत बसेल.

भाऊ : लावतो. पण मग हा कीबोर्ड उचलून माझ्याकडे ये रोज. तिथे वाजव.

ताई : ह्याला स्वतःचा आवाज नाही. कॉम्प्युटरला जोडला नाही तर नुसत्या पट्ट्या.

भाऊ : माझ्या दुकानात एक कीबोर्ड पडलाय दुरुस्तीला आलेला. त्याला स्पीकर आहे. मालक न्यायला फिरकलाच नाही. इथे आणून देऊ?

ताई : नको. कशाला, म्हणून विचारतील. आणि मला सांगता येणार नाही.

भाऊ : मग तिथेच राहू दे. तू येशील?

ताई : पोरीला शाळेतून आणायला जाते ना, तेव्हा जरा लवकर निघेन.

भाऊ : त्यानं असा किती वेळ मिळणार? फार तर अर्धा तास.

ताई : पुरे. दुकानाच्या त्या मागच्या खोलीला आतून कडी आहे ना?