बैलाचा कोट

मूर्ख मीच, काकू, दुसरं कोण — दाढ दुखतेय डावी आणि सुई टोचली मी उजवीकडे. हसू नका, कापूस पडेल. पण तुम्हीसुद्धा काय, खुर्चीत टेकता-टेकता म्हणता, मी त्याची आई, शेवटी तो काय बोलला तेवढं सांग — मग डॉक्टरीणबाईंचा हात ठिकाणावर राहतो का? राहत नाही. आता दुसरी बाजू बधिर होईपर्यंत तुम्हाला बोलता यायचं नाही, म्हणजे मला टोकायला कुणी नाही, चंगळच माझी.

तर लढाईत तुमचा लेक विमान चालवणार आणि त्याच्या मागे नकाशे मांडीवर घेऊन मी — हो, मीच, जिला डावं-उजवं कळत नाही. आणि त्याची एक खोड होती. विमान उडालं की विनोद सुरू करायचा आणि शेवट सांगायचा उतरल्यावर. का? तर शेवट ऐकायला सगळ्यांना परत यावंच लागतं. इतके टुकार विनोद, काकू — पण खालून तोफा धडाडतायत, आणि मी आपली विचार करतेय, विनोदातल्या त्या सासूचं पुढं काय झालं असेल.

त्या दिवशी शत्रूच्या बंदरातल्या तेलाच्या टाक्या उडवायच्या होत्या. भरदिवसा — कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं कोण जाणे. विनोद होता बैलाचा. एक माणूस बैल घेऊन शिंप्याकडे जातो, म्हणतो, याला कोट शिवा. शिंपी मापं घेतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि म्हणतो — बस्स, इथवर. टाक्या पेटल्या, झकास पेटल्या, आणि मग आमची विमानंही पेटायला लागली, शेजारचं, त्याच्या पुढचं — संध्याकाळी आचाऱ्यानं सगळ्यांची ताटं मांडली होती म्हणे, निम्म्याहून जास्त तशीच कोरी उचलली.

आपला किनारा दिसायला लागला आणि आमचं उरलेलं इंजिनही गेलं. तो म्हणाला, उडी मार. मी म्हटलं, आधी शेवट सांग. खरंच म्हटलं, मला हसूच आवरेना, भीतीनं येतं ना तसं. तो म्हणाला, अगं बाई, मार ना, मी येतोच मागनं, खाली सांगतो — आणि मारली मी. त्यानं धरून ठेवलं म्हणून विमान सरळ होतं, तो उठला की कोसळणार, हे नकाशेवालीला कळायला नको? कळलं. पॅराशूट उघडल्यावर कळलं. तरी वाळूत बसून होते, काकू, अंधार पडेपर्यंत, वर बघत —

हे नव्हतं सांगायचं. तुमची आठवण काढली, असं सांगायचं ठरवलं होतं मी, मगाशी सुई भरताना. जाऊ दे. कापूस काढते, थांबा. गाल कळतोय? नाही ना, छान. सावकाश बोला, जीभ जड असेल. पण सांगाच आता, तुमच्या घरचाच विनोद असणार तो — शिंपी काय म्हणाला?

“त्याला कुठल्याच विनोदाचा शेवट माहीत नसायचा. लहानपणापासून. काढ आता दाढ.”